दोन बाजूंचा भात

भटजी वेळेवर आले आणि वेळेवर गेले, आणि साचिएने पहिला सुटकेचा श्वास टाकला. रात्रभर पडलेल्या बर्फाने दरीतला रस्ता बंद होईल अशी धास्ती होती, पण सकाळी रस्त्यात बसवलेल्या बर्फ वितळवणाऱ्या नळांनी पाणी उडवायला सुरुवात केली आणि दहाच्या आत डांबर दिसू लागलं. सासऱ्यांच्या सातव्या वर्षश्राद्धाचे मंत्र झाले, उदबत्ती झाली. आता उरलं होतं जेवण.

बाहेरच्या खोलीत माणसं चारच. नवरा शिगेआकी, धाकटा दीर नोरिहिसा, मुलगी फुमिनो, आणि सासऱ्यांची धाकटी बहीण तोमिए आत्याबाई. पण सहीच्या जागी उमटवायचे कंपनीचे सगळे शिक्के या चार माणसांकडेच होते. भात शिजवायचे कुकर करणारी तोरीगोए कंपनी आज दुपारी जेवणानंतर आपली संशोधन शाळा, नव्या कुकरांची प्रयोगशाळा, बंद करणार होती. ठरावाच्या कागदावर तीन शिक्के उमटले होते, बापाला नाही म्हणता न आलेल्या फुमिनोचाही. आत्याबाईंचा तेवढा राहिला होता.

साचिएकडे शिक्का नव्हता. तिच्याकडे स्वयंपाकघर होतं.

गाजर, अळकुडी आणि कंदांचं नोप्पे, म्हणजे दाट रस्सा, कालच शिजवून ठेवलं होतं. लोणची कापून झाली होती. राहिला भात. घरातल्या कुकरात तांदूळ घालायच्या ऐवजी ती मागचं दार उघडून मिसोच्या खोपटात गेली. खोपटातून मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, पिंपं केव्हाच गेली होती. तिथे एक टेबल होतं आणि टेबलावर कापडाखाली झाकलेला, बटणांच्या जागी नुसत्या तारा असलेला एक कुकर होता. शाळेत नोकरीला असलेली फुमिनो, तिथे थांबवलेलं काम करायला, दर रविवारी इथे येत असे. आईला माहीत नाही असं मुलीला वाटे. दर रविवारी इथे धुतलेले तांदूळ आयते ठेवलेले असत, आणि ते कोण ठेवतं हे मुलीने कधी विचारलं नव्हतं.

आमच्याकडच्या कारखान्यांत ही जुनी रीत आहे. वरून एखादं काम थांबवलं, तरी ज्याला त्याचा ध्यास लागलाय तो ते गुपचूप करत राहतो. अंधारातलं संशोधन म्हणतात त्याला. वरच्यांना ते दिसतं, पण ते पाहत नाहीत. अट एकच, कोणी त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही. नाव घेतलं की साहेबाला एक तर ते बंद करावं लागतं, नाही तर ते माझंच आहे म्हणून पुढे यावं लागतं. सासऱ्यांचं, म्हणजे थोरल्या कांजिरोंचं, भात ठरल्या वेळी शिजवणारं पहिलं घड्याळी बटण असंच अंधारात जन्मलं होतं, हे या घरातल्या पोरांना पाळण्यापासून माहीत.

साचिएने कापड काढलं. कुकर उचलला आणि तिला बरं वाटलं. गेले तीन महिने ती जे बोलू शकत नव्हती, ते आता भातच बोलणार होता.

*

नोरिहिसा आत्याकडे पाहायचं टाळत होता. विक्रीखात्यात आयुष्य गेलं, कुणाच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायची त्याला कधी भीती वाटली नव्हती. आत्याची गोष्ट वेगळी. लहानपणी तिनेच त्याला अक्षरं शिकवली होती, आणि चुकलेलं अक्षर ती खोडत नसे. तुझं तूच शोध, म्हणून नुसती बघत बसे. आता तिचे दात गेले होते, पण ते बघणं तसंच होतं.

"नोरी, जाडा झालास."

"विक्री वाढली आत्या, म्हणून."

"विक्री वाढली असती तर शाळा कशाला बंद केली असतीस?"

शिगेआकीने घसा खाकरला. "आत्या, जेवण झाल्यावर बोलू ना सगळं. मी तुमच्या खोलीत येऊन गेलो होतो ना, पर्सिमनची फळं घेऊन."

"आलास. पर्सिमन गोड होती. तू बोलत होतास, मी खात होते."

ठराव मांडण्याआधी दारोदार जाऊन एकेकाचं मन वळवायचं, झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती सैल करावी तसं, हे शिगेआकीने चोख केलं होतं. कारखान्याचे जुने फोरमन, बँकेचे साहेब, सगळ्यांकडे तो जाऊन आला. बैठकीत मग कोणी काही बोलायचं उरलं नव्हतं. पण दादा ज्याच्याकडे यायला हवा होता त्याच्याकडे आलाच नाही, असं नोरिहिसाला राहून राहून वाटे. म्हणजे स्वतः नोरिहिसाकडे. शाळा बंद करून शिजवण्याची यंत्रणा एका बड्या कंपनीकडून आयती घ्यावी, ही सूचना त्यानेच केली होती. दादा ताडकन म्हणेल, थांब, इतक्यात नको, अशी त्याला खात्री होती. दादा म्हणाला, "बरं." आणि दारोदार निघाला.

बापाच्या शेवटच्या आजारात दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं भाऊ एकमेकांवर ओरडले होते. तेव्हापासून दोघंही फार जपून बोलत. इतकं जपून, की काही बोलणंच होत नसे.

"आत्या, आज तरी आमच्याबरोबर जेवणार ना?" नोरिहिसाने विषय बदलला.

"बसेन. नोप्पे खाईन. भात नको."

हेही नेहमीचंच. दोन वर्षं झाली, आत्या भात खात नव्हती. टणक भात चावता येत नसे, आणि साचिएने कुकरात मधोमध वाटी ठेवून त्यात जास्त पाण्याचा मऊ भात करून दिला, तेव्हा आत्याने वाटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही बाळाची वाटी आहे. घरात बाळ झालं की त्याला दे." त्यानंतर ती आपल्या खोलीत दुधात पाव भिजवून खाई. भाताचे कुकर करणाऱ्या घरातली सगळ्यांत वडीलधारी बाई पावावर जगते, हे गावात कोणाला सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

*

सरकतं दार उघडलं आणि फुमिनोला आपला कुकर आईच्या हातात दिसला.

टेबलावर ज्याचं झाकण उघडायलाही ती आधी दाराला कडी घाली, तो कुकर आई सरळ जेवणाच्या खोलीत घेऊन आली होती. लोंबणाऱ्या तारासुद्धा तिने नीट गुंडाळून वर रिबिनीने बांधल्या होत्या.

"आई," फुमिनो कुजबुजली, "तो आपला घरचा नाहीये."

"घरात होता म्हणजे घरचाच," साचिए म्हणाली आणि झाकण काढलं.

वाफ वर गेली. फुमिनोने डोळे मिटून घेतले. तिला आता दोन गोष्टींची भीती वाटत होती, आणि त्यातली कुठली मोठी हे ठरवता येत नव्हतं. पहिली साधी होती. थांबवलेलं काम तिने चालू ठेवलं हे उघड झालं, तर शिक्षा तिला एकटीला नाही, तिला मदत करणाऱ्या सेगावा आणि इकेनोलाही व्हायची. मार्च संपता संपता तिला नागाओका शहरातल्या दुरुस्ती खिडकीवर पाठवायचं ठरलंच होतं. ते दोघं तर कंत्राटी होते.

दुसरी भीती फोटोत होती. देवघरातून आजोबा बघत होते. कांजिरो तोरीगोएंनी उभं आयुष्य एका गोष्टीसाठी घालवलं, की भांड्यात भात सगळीकडे एकसारखा शिजावा. कुठूनही वाढा, घास सारखाच लागला पाहिजे. हे वाक्य कारखान्याच्या दारावर कोरलेलं आहे. असमान भात ही इथे नुसती चूक नाही, लाज आहे. आणि त्यांच्या नातीने मुद्दाम असं भांडं केलं होतं, की ज्यात भात असमान शिजावा.

भांड्याचा तळ एका बाजूने चढता होता. तांदूळ एकीकडे उंचावर, एकीकडे खोलात. पाणी मात्र सपाट. उंचावरच्या तांदळाला पाणी कमी, तो मोकळा. खोलातल्याला जास्त, तो मऊ. वाटी नाही, पडदा नाही. एकच भांडं, एकच डाव.

साचिएने पहिला वाडगा देवघरासाठी भरला. मग भांडं हळूच फिरवलं आणि खोल बाजूने एक वाडगा भरून आत्याबाईंसमोर ठेवला.

"भात नको म्हटलं ना, साचिए."

"सगळ्यांचा आहे तोच आहे, आत्याबाई. समोरच काढला."

तोमिएने पाहिलं होतं. भांडं एक, डाव एक. तिने वाडगा उचलला.

*

पहिला बोलला नोरिहिसा, कारण भात तोंडात असताना गप्प बसणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

"वहिनी, हा भात..." त्याने डाव घेऊन भांड्याच्या दोन्ही बाजूंनी थोडा थोडा भात वाडग्यात घेतला. एक घास, दुसरा घास. "इकडचा वेगळा, तिकडचा वेगळा. आज! बाबांच्या दिवशी!"

"गप्प जेव," शिगेआकी म्हणाला.

"अरे दादा, एका बाजूला पार खीर झालीय. हे गिऱ्हाइकाकडे गेलं असतं तर..."

"गप्प जेव म्हटलं."

"साचिए," तोमिए म्हणाली.

तिचा वाडगा पुढे आला होता. रिकामा. ती तो दोन्ही हातांत धरून होती, लहान मूल धरतं तसा.

"आणखी."

साचिएने वाडगा घेतला आणि भरताना तिला भात नीट दिसेना, कारण डोळे भरले होते. नोरिहिसाच्या चॉपस्टिक्स तशाच अधांतरी राहिल्या. या घरात आत्याने 'आणखी' म्हटलेलं शेवटचं कधी ऐकलं होतं ते कोणालाच आठवेना. त्याने आत्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, रिबीन बांधलेल्या तारांकडे पाहिलं, आणि जे मोठ्याने विचारायचं नसतं ते विचारून बसला.

"हा कुकर कोणाचा आहे?"

विचारल्याबरोबर त्यालाच कळलं. पण तोंडातून गेलं होतं.

फुमिनो मान खाली घालून बसली. बाहेर छपरावरून बर्फाचा मोठा ढीग घसरला आणि धप्पकन अंगणात पडला, तरी कोणी दचकलं नाही. सगळे शिगेआकीकडे बघत होते. कंपनीचा अध्यक्ष तो. आता तो म्हणणार, मला माहीत नाही. एवढं म्हटलं की झालं. खोपट रिकामं होईल, कागदावर चौथा शिक्का बसेल.

शिगेआकीने वाडगा खाली ठेवला. त्याने भांड्यात वाकून पाहिलं, उंच बाजूकडून खोल बाजूकडे, जिथे मोकळा भात हळूहळू मऊ होत गेला होता.

"फुमिनो," तो म्हणाला, "उकळी कशी थोपवलीस?"

"काय?"

"उकळी आली की सगळं वरखाली होतं. दोन्ही बाजू एक व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. कशा?"

फुमिनोने मान वर केली. "तळाची आच मंद ठेवली, आणि मधे एक बारीक उंचवटा... बाबा, पण उकळीची अडचण होती हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

शिगेआकीने लोणच्याची ताटली जवळ ओढली.

"मी फक्त सेगावाला सांगितलं होतं. खोपटात."

"खोपटाची भिंत पातळ आहे," शिगेआकी लोणच्याकडे बघत म्हणाला.

"खोपटाच्या भिंतीशी तुम्ही काय करत होतात?"

"बर्फ काढत होतो."

मग तिच्या लक्षात आलं. संबंध हिवाळाभर दर रविवारी खोपटापर्यंतची वाट साफ असायची. गुडघाभर बर्फात फावड्याने कापलेली, एका माणसापुरती, कडा सरळ. ती समजत होती, पगारी गडी काढतो.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मला काही माहीत नव्हतं. मी पाहिलं नाही. मी फक्त बर्फ काढला."

"मग ठराव कशाला मांडलास?" नोरिहिसाचा आवाज चढला. "दादा, तीन महिने मी वाट बघतोय, तू म्हणशील काहीतरी चाललंय म्हणून!"

"तू सूचना केलीस ना!"

"केली! तू नाही म्हणावंस म्हणून केली! मी म्हटलं, दादा एकदा नाही म्हणाला की संपलं, मग पुन्हा कोणी शाळेचं नाव काढणार नाही. तर तू 'बरं' म्हणालास!"

"मला वाटलं, तुझी दुकानदार मंडळी तुझ्या मानगुटीवर बसलीत. मी नाही म्हटलं असतं तर तू पुन्हा... व्हरांड्यातल्यासारखं..."

"आणि मी काय बसून होतो?" नोरिहिसाला आता थांबवत नव्हतं. "दुकानांतून परत आलेले कुकर चुरायला पाठवायचे असतात. खोपटामागे कोणी आणून ठेवले? ती भांडी कापून कापून हिने प्रयोग केले ना? ती काय आभाळातून पडली?"

फुमिनो आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. "काका, मला वाटलं भंगारवाला विसरून गेला."

"दर महिन्याला विसरतो होय भंगारवाला?"

साचिए ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसत होती आणि त्याच वेळी हसत होती. "मी तांदूळ धूत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, मी एकटीच."

*

तोमिए शांतपणे दुसरा वाडगा संपवत होती. तिला हे सगळं भांडण ऐकू येत होतं आणि त्यातल्या कुठल्याच गोष्टीचं तिला नवल वाटत नव्हतं. तिने शेवटचं शीत टिपलं, मग म्हणाली, "दर रविवारी दुपारी माझ्या खिडकीतून भाताचा वास येतो. भर दुपारी भांडी घासून झाल्यावर कोण भात शिजवतं या घरात?"

सगळे वळले.

"आधी करपल्याचा यायचा. मग कच्चट यायचा. नव्या वर्षानंतर बरा येऊ लागला. मी खिडकी उघडी ठेवून पाव खायचे."

"या थंडीत? आत्याबाई!"

"मग काय. पाव नुसता जात नाही." तिने वाडगा खाली ठेवला. "चार मोठी माणसं. प्रत्येकाने इतकं सभ्यपणे पाहिलं नाही, इतकं सभ्यपणे पाहिलं नाही, की पोरीचं भांडं जवळजवळ गाडलंत तुम्ही. आणि मीही. शिगे, तू आलास तेव्हा मी पर्सिमन खात बसले. मला वाटलं, कंपनीचं आहे, मोठ्यांना ठरवू दे."

"तुम्हीच मोठ्या आहात, आत्या."

"तेच आज कळलं."

नोरिहिसा हसायला लागला. आधी नाकातून, मग सगळं अंग हलवत. त्याचं ते हसू शिगेआकीला फार दिवसांनी ऐकू येत होतं. लहानपणी एकाच पांघरुणात झोपताना हा असाच हसायचा आणि दोघांना ओरडा बसायचा. शिगेआकीच्या छातीवरून काहीतरी उतरलं. छपरावरून बर्फ उतरतो ना, आधी काहीच नाही आणि मग एकदम, तसं.

"पण दादा," नोरिहिसा डोळे पुसत म्हणाला, "मी दुकानात काय सांगू? तोरीगोएंचा नवा कुकर, यात भात एकसारखा शिजत नाही?"

"तसंच सांग."

"बाबा वरून बघतायत. दारावर काय कोरलंय ते आठवतंय ना?"

फुमिनोला नेमकी हीच भीती होती. तिने फोटोकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तेवढंच मला कधी सुटलं नाही. बाकी सगळं सुटलं. अजूनही तीनदा शिजवला की एकदा बिघडतो, पण तेही सुटेल. आजोबांना काय सांगायचं तेच सुटत नाही."

तोमिए पोरीकडे बघत राहिली. चुकलेल्या अक्षराकडे बघायची तसं नाही, बरोबर आलेल्या अक्षराकडे बघायची तसं.

"इकडे ये. असं बस. तुझ्या आजोबाने ते वाक्य केलं तेव्हा या टेबलाभोवती आम्ही किती माणसं बसायचो ठाऊक आहे? आई, बाबा, भावंडं, कारखान्यातली पोरं. चुलीवरचा भात तळाला करपायचा, वर कच्चा राहायचा. चांगला मधला भात कोणाला मिळायचा? बाप्यांना. तळाचा कोण खायचं? आई, आणि मी. म्हणून कांजिरोदादा म्हणाला, कुठूनही वाढा, घास सारखाच लागला पाहिजे. त्याला भात सारखा करायचा नव्हता गं. माणसं सारखी बसवायची होती." ती थांबली. "तेव्हा सगळ्यांना दात होते. म्हणून भात सारखा केला की काम भागायचं."

फुमिनोने पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"शेवटी शेवटी त्यालाही कुठे चाववत होतं," तोमिए म्हणाली. "साचिए, देवापुढे कुठल्या बाजूचा ठेवलास?"

साचिए गोंधळली. "सवयीने... मोकळ्या बाजूचा."

"बदल तो. मऊ ठेव."

साचिए वाडगा बदलून आली, आणि तेवढ्यात नोरिहिसाला तळ बघायची घाई झाली. "काढ गं ते भांडं बाहेर, बघू दे तो चढ कसा केलायस. विकायचाय मला." फुमिनोने रुमालात धरून गरम भांडं उचललं आणि तसंच हातात धरून उभी राहिली. नुसत्या टेबलावर ठेवलं तर लाकूड भाजलं असतं. खाली गवताची तातामी चटई होती.

"कशावर ठेवू? आई, लवकर, भाजतंय."

"थांब, लाकडी पाट आणते..."

शिगेआकीने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, घडी घातलेला जाड कागद काढला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर पसरला.

"ठेव यावर."

फुमिनोने भांडं ठेवलं. नोरिहिसाने कागद ओळखला, त्यावर त्याचाही शिक्का होता. त्याने दादाकडे पाहिलं. दादा भात वाढून घेत होता, मोकळ्या बाजूचा.

"माझा शिक्का मी खोलीतून आणला होता," तोमिए म्हणाली. "उगीच ओझं." आणि तिने वाडगा पुन्हा पुढे केला. "अर्धाच. नाही, भर. भर पूर्ण."

जेवणं आटोपल्यावर भांडं घासायला नेताना साचिएने ते उलटं केलं. कागद तळाला चिकटून आला होता. ओल्या वाफेने शाई फुटली होती, आणि तीन लहान शिक्क्यांवरून भांड्याचा एकच मोठा गोल वळ उठला होता, एका बाजूला गडद, एका बाजूला फिका. तिने कागद सोलून बाजूला ठेवला. बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ मोठमोठ्याने वाद घालत होते, कुकरचं नाव काय ठेवायचं यावर. कागद कुठे गेला, हे दिवसभरात कोणीच विचारलं नाही.